दहबोचं पाठांतर

मिनियापोलिस, १४ नोव्हेंबर

गुलेद,

सलाम आधी घे, बाकीचं मागून घे. फोनवर तू मला सगळीकडून बंद केलंस, म्हणून हा कागद. सहराचा नवरा नैरोबीला निघालाय. त्याला सांगितलंय, दुकानात जाऊन याच्या हातात दे आणि हा वाचेपर्यंत हलू नकोस. तो भिडस्त माणूस, चहा पिऊन निघून जाईल. पण फाडायच्या आधी तू चार ओळी तरी वाचशीलच, म्हणून चार ओळींतच सांगून टाकते: हूयोनं धर्म सोडलेला नाही. आपली आई जशी होती तशीच आहे. सोडलं असेल कुणी काही, तर तू तिला सोडलंयस.

मावशीच्या फोनवर तू जे बोलून पाठवलंस ना, ते हूयोनं ऐकलं. मावशीला कुठलीही गोष्ट कानाला लावून ऐकता येत नाही, सगळ्या मजल्याला ऐकवते. "माझी आई वारली. तिकडे जी बाई आहे तिला मी ओळखत नाही." तुझाच आवाज, मागे तुझ्या दुकानातल्या गिऱ्हाइकांचा गलका. म्हणजे तू कापड मोजता मोजता आईला मारून टाकलीस. हूयो तव्यापाशी उभी होती. अंजेरो करपलं. तिच्या हातून अंजेरो करपलेलं तू कधी पाहिलंयस? मी तरी नव्हतं पाहिलं. तिनं ते खरवडून काढलं, दुसरं घातलं, आणि तुझं नावही काढलं नाही.

"या वयात तिला इंग्रजी कशाला हवं होतं?" असंही तू विचारलंस म्हणे. तिला इंग्रजी मेलेल्यांसाठी हवं होतं. तू गेलास तेव्हा इथे आपली माणसं थोडी होती, आता म्हातारी होऊन मरायला लागलीत. कुणाची आई, कुणाची सासू गेली की मयत धुवायला पहिला फोन हूयोला येतो. येत असे. ती इस्पितळाच्या तळमजल्यावर जाते आणि तिथली माणसं तिच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलतात. गेल्या वर्षी अर्दोला त्यांनी शुक्रवारपासून सोमवारपर्यंत थंड कपाटात ठेवलं, कारण "आजच द्या, आम्ही वाट बघत नाही" एवढं हूयोला सांगता आलं नाही. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. म्हणाली, "मला जीभ पाहिजे."

जीभ फुकट मिळत होती. आमच्या इमारतीमागच्या चर्चच्या तळघरात, आठवड्यातून दोनदा, चहासकट. पोरांना खेळणी, बायकांना खुर्च्या, आणि शिकवायला मार्लिस. मार्लिस म्हणजे पांढरे आखूड केस, हरणं विणलेला स्वेटर, आणि गाडीच्या मागच्या सीटवर कायम कुणाची तरी सोमाली आजी. कुणाला दातांच्या डॉक्टरकडे ने, कुणाच्या नातवाला चष्मा मिळवून दे. सगळ्यांच्या नातवंडांची नावं तिला पाठ. अशा बाईचा राग करणं फार अवघड असतं. मी तो कष्टानं करते.

वर्गात काय शिकवायचे? माझं नाव दहबो. मला नातवंडं आहेत. आज हवा थंड आहे. हूयोला चार महिन्यांत वीट आला. "हवा थंड आहे हे मला खिडकी सांगते," म्हणायची. एक दिवस तिनं मार्लिसला खुणेनं सांगितलं, हे पोरांचं झालं, मला लांब दे. पानभर दे. आणि मार्लिसनं दिलं की! आनंदानं दिलं. वर स्वतःच्या आवाजात फोनमध्ये भरूनही दिलं, उच्चार नीट यावेत म्हणून.

पुढचं तुला सांगायची गरज नाही, तू त्याच शाळेतला. आपण काय केलं होतं लहानपणी? पाटीवर लिहिलेलं डुलत डुलत म्हणायचं, आवाज आधी बसवायचा, अर्थ नंतर कधी तरी, देवाच्या मनात असेल तेव्हा. कुराण असंच आलं आपल्याला. अर्थ विचारणाऱ्या पोराला छडी बसायची. हूयोनं मार्लिसचा कागद असाच केला. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, कानात ती वायर आणि अंग मागे-पुढे. मला वाटलं कुराण ऐकतेय.

मग वर्गाला वर्ष पुरं झालं, त्याचं जेवण झालं. चर्चची सगळी माणसं, लांब टेबलं, मध्ये मेणबत्त्या. आपल्या बायकांनी एकेक करून "माझं नाव अमुक" म्हटलं, टाळ्या घेतल्या, बसल्या. शेवटी हूयो उठली. पिवळा झगा, नीट बांधलेलं डोकं. आणि तिनं अख्खं पान म्हटलं, एक शब्द न चुकता. चर्चवाल्यांनी काढलेल्या व्हिडिओत ते तू पाहिलंच आहेस.

मी नव्हते, मी कामावर होते. रात्रपाळीहून येऊन मी भात खात होते आणि ती समोर येऊन उभी राहिली. पोरीसारखी. "सगळे उठून उभे राहिले, सगल! एक माणूस तर रडला! तुला म्हणून दाखवू?"

तिनं म्हणून दाखवलं. मी पापी आहे, मी आजवर चुकीच्या वाटेनं चालले, येशू माझा तारणारा आहे, जुनं सगळं टाकून मी त्याला शरण आले, आजपासून मी त्याची. गुलेद, माझा घास तोंडातच राहिला. मी विचारलं, "हूयो, हे काय आहे, माहीत आहे तुला?"

"लांब आहे," ती म्हणाली.

मी सांगितलं तिला. कसं सांगितलं ते विचारू नकोस, भात तसाच टाकून सांगितलं. ती मोरीपाशी गेली आणि चुळा भरायला लागली. भरते आणि थुंकते, भरते आणि थुंकते. पाणी संपवायचंय असं वाटावं इतका वेळ. मग तोंड पुसून म्हणाली, "बाईनं सांगायला हवं होतं." बस, एवढंच. शिवी नाही, शाप नाही. ते सगळं माझ्या वाट्याला आलंय.

सगल

मिनियापोलिस, ३० नोव्हेंबर

गुलेद,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तुझ्या उत्तरासाठी लिहीतच नाही, माझ्या पोटातली मळमळ कुठे तरी बाहेर पडावी म्हणून लिहिते. हे पत्र नैरोबीला निघालेल्या विद्यार्थी पोरांच्या हाती येतंय.

अस्ली गेली. तुला आठवते ना? गारोव्याची, तुला शेंगदाणे द्यायची, तुझ्या मोठ्या कानांवरून तुला 'कानवाला' म्हणायची. ती आणि हूयो इथे एकाच मजल्यावर होत्या. शेवटचे तीन आठवडे हूयोच तिला भरवत होती. पहाटे ती गेली तेव्हा हूयो तिच्या घरीच होती. डोळे हूयोनं मिटले, जबडा फडक्यानं हूयोनं बांधला. मग घरी येऊन तिनं आपली पिशवी काढली. बोरीचा पाला कुटलेली पुडी, कापूर, पांढरं कापड, हातमोजे. अंघोळ केली, हातपाय-तोंड धुऊन वजू केला, आणि खुर्चीवर बसून राहिली. फोनची वाट बघत.

फोन आला नाही. दुपारी मीच अस्लीच्या मुलीकडे गेले. दारातच मुरायो. मुरायो दातवाली, तुझ्या बायकोची मावसबहीण. तिचे दात अजून तसेच पुढे आहेत आणि जीभ त्यांच्याही पुढे.

"धुणारीची सोय झाली," म्हणाली. "सेंट क्लाउडहून बाई येतेय."

"दीड तास लांबून? हूयो इथे समोरच्या दारात आहे."

"आहे ना, असू दे. म्हातारीला आराम पडू दे." मग आवाज खाली आणून, "अगं, लोकांच्या मनात शंका असते. कापराच्या पाण्याला कुणाचा हात लागतो, बघायला नको का? मी नाही हो म्हणत. लोक म्हणतात."

हे 'लोक' मला एकदा भेटायचेत. बोलतं कायम एकच तोंड, आणि नाव मात्र लोकांचं.

या मुरायोच्या आईला हूयोनं धुतलंय. चार तास लागले होते. का लागले ते फक्त हूयोला ठाऊक, कारण धुणारीनं जे पाहिलं ते तिथंच पुरायचं असतं. कुणाच्या अंगावर काय होतं, कुणाच्या नवऱ्यानं काय केलं होतं, कुणाच्या पोरांनी म्हाताऱ्या आईला किती महिने अंथरुणातून हलवलं नव्हतं, या इमारतीतल्या घरोघरची ही गोष्ट हूयोच्या पोटात आहे. पंचवीस वर्षांत तिच्या तोंडून एक शब्द निघालेला नाही. मी तिची मुलगी, मलाही नाही. आणि जिच्या तोंडानं यांची सगळी लाज झाकली, तिच्याच तोंडावर हे आता बोट ठेवतात. मला या लोकांची शिसारी येते, गुलेद. त्यांच्या घरचा चहासुद्धा आता मला कडू लागतो.

अस्लीला पुरलं तेव्हा हूयो गेली होती. मागे, रस्त्याच्या कडेला, बर्फात उभी राहिली. मी म्हटलं, पुढे चल. म्हणाली, "माझं काम आत होतं. ते झालं नाही, तर बाहेरून बघून काय करू?" पिशवी तिनं बरोबर आणली होती. कशाला, ते मी विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी मी चर्चच्या तळघरात गेले. मार्लिस खुर्च्या एकावर एक रचत होती. मला पाहून दोन्ही हात पसरून आली. मी हाताची घडी घालून उभी राहिले, तर तिनं मिठी तशीच मारली, घडीसकट.

"दहबो कशी आहे? इतके दिवस आली नाही. मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करते."

"तो व्हिडिओ काढून टाका."

"काढते, काढते. आत्ताच काढते. मला कळलं थोडंफार. फार वाईट वाटतं गं. पण सगल, तू तिथे नव्हतीस. मी तिचा चेहरा पाहिला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं! ते कुणी शिकवून येत नाही."

"तिला एक शब्दही कळला नव्हता."

"मनाला कळतं," मार्लिस म्हणाली. इतकं गोड म्हणाली की मी तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीवर फोटो होते, वर्गातल्या बायकांचे. इतरांच्या फोटोंखाली नुसती नावं. हूयोच्या फोटोला कोपऱ्यात लाल कागदाचा बदाम चिकटवलेला.

"हा बदाम कशाला?"

ती लाजली. खरंच लाजली, नव्या नवरीसारखी. "आम्ही सगळे इतके आनंदात होतो."

"तुम्ही तिला सांगितलं का नाही, की या कागदात काय आहे?"

"ती स्वतःहून मागायला आली होती गं. आम्ही कधी कुणावर जबरदस्ती केली नाही."

"जबरदस्ती नाही केलीत. विचारलंही नाहीत."

तिचे डोळे भरले. आणि मला किळस कसली आली माहीत आहे? त्या अश्रूंची. ते खरे होते. खोटे असते तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. ही बाई हूयोवर खरंच माया करते, आणि त्या मायेच्या मागे सतत एक हात पुढे केलेला असतो. डॉक्टरकडे नेते तेही त्याच हातानं, चष्मा देते तोही त्याच हातानं. निघताना विचारते काय, "तिला पुन्हा पाठवशील ना वर्गाला?" मी फोटो भिंतीवरून ओढून काढला आणि बदाम तिथेच खाली टाकला. तिनं वाकून उचलला.

घरी येऊन मी हूयोला सगळं सांगितलं, डोळ्यांतल्या पाण्याचंही.

"पाणी आलं होतं खरं," ती म्हणाली. "इतकी माणसं गप्प बसून माझं पाठांतर ऐकतायत असं कधी झालं होतं? शाळेत मी सगळ्या मुलांच्या पुढे होते, पण मुलींचं म्हणणं बाहेर कुणी ऐकत नसे. मला वाटलं, आज माझा बाप असता तर." मग म्हणाली, "बाई वाईट नाही. तिला वाटतं मी बुडतेय, म्हणून केस धरून ओढते. मी काठावर बसलेय, ते तिला दिसत नाही."

तिला कीव येते. मला येत नाही. मार्लिस अजून दारावर खाऊची पिशवी अडकवून जाते, चॉकलेट लावलेल्या वड्या. मी कचरा खाली टाकायच्या नळात टाकते. पिशवीसकट.

सगल

मिनियापोलिस, २१ डिसेंबर

गुलेद,

आज मुरायो लिफ्टमध्ये भेटली. मी तिला विचारलं, तो व्हिडिओ तुझ्याकडे आला कुठून? चर्चच्या इंटरनेटवरच्या पानावर तो त्यांची चाळीस माणसं बघतात, आपल्यातलं कोण बघतं तिथे?

"अय्या," ती म्हणाली, "तुझ्या भावानंच नाही का टाकला आपल्या कुळाच्या ग्रुपवर? कुणा पोरानं त्याला दाखवला, आणि त्यानं सगळ्यांना. खाली लिहिलं होतं, माझा या बाईशी संबंध नाही, सगळ्यांनी साक्षी राहा. मला वाटलं तुला माहीत आहे."

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, बंद झालं. मी परत तळमजल्यावर गेले. बाहेर जाऊन जरा वेळ थंडीत उभी राहिले.

म्हणजे ती बातमी चर्चमधून नाही आली, तुझ्याकडून आली. त्या चाळीस गोऱ्यांनी बघून, डोळे पुसून, मंगळवारपर्यंत विसरून टाकलं असतं. तू आईला मिनियापोलिस, नैरोबी, लंडन, जेद्दा सगळीकडे फिरवलंस. कशासाठी? कुणी तुला बोलायच्या आधी आपण बोलून घ्यावं म्हणून. तुझी अब्रू, तुझं दुकान, तुझ्या सासऱ्याचं तोंड. एक फोन तिला करून "हूयो, हे काय आहे?" एवढं विचारता आलं नाही? तिनं तुलाही सांगितलं असतं, "लांब आहे." आपण दोघं हसलो असतो.

मार्लिसनं न विचारता तिला त्यांच्यातली केली. तू न विचारता आमच्यातून काढलीस. तुमचं दोघांचं फार जमेल. तिच्या तळघरात एक खुर्ची तुझ्यासाठीही असेल.

आता मशिदीचं ऐक, कारण तुझा निरोप तिथे पोचला होता आणि काय झालं ते तुला कुणी खरं सांगणार नाही.

शेख अब्दिरिसाकनी हूयोला बोलावलं. मी बरोबर गेले. कमिटीची तीन माणसं, एक मावशी, एक मी. शेखनी हूयोला दोन प्रश्न विचारले. अर्थ माहीत होता का? नव्हता. कळल्यावर काय केलं? चूळ भरली. शेख हसले. म्हणाले, "आई, जे कळलं नाही ते जिभेवरून गेलं तरी आत उतरत नाही. काही झालेलं नाही. उठा, घरी जा."

इथे संपायला हवं होतं. पण कमिटीतला तो जड चष्म्याचा माणूस, ज्याचं भाड्याच्या गाड्यांचं काम आहे, तो खाकरला. "शेख म्हणतात ते बरोबरच. पण लोकांच्या मनाचं काय? त्यांनी शुक्रवारी सगळ्यांसमोर कलमा म्हटला की विषय मिटला. दोन मिनिटांचं काम. त्यांच्या मुलाचीही हीच अट आहे. मग तो बोलेल म्हणतो आईशी. आणि बायकाही पुन्हा बोलावतील धुवायला."

मी हूयोकडे पाहिलं. खरं सांगते, मला वाटलं ती म्हणेल. मलाही वाटलं, म्हणून टाक, हूयो. दोन मिनिटं. तुला तुझं काम परत मिळेल, तुझा मुलगा परत मिळेल.

"कलमा मी दिवसभर म्हणते," हूयो म्हणाली. "उठताना म्हणते, तवा ठेवताना म्हणते, मेलेल्या बाईच्या कानाशी म्हणते. तुमच्यासमोर कशाला म्हणू?"

"लोकांसाठी, आई."

"जो नव्यानं आत येतो तो सगळ्यांसमोर म्हणतो. मी बाहेर कधी गेले होते?"

"तसं नाही, नुसतं मन राखायला..."

"तिकडे त्या बाईनं कागद दिला, म्हणाली, म्हण. मी म्हटलं, लोक रडले. आता तुम्ही म्हणता, म्हण. मी म्हणेन, तुम्ही रडाल. अरे, माझी जीभ म्हणजे काय बसचं दार आहे, कुणीही यावं आणि उघडावं?" ती उठली. गुडघे धरून उठावं लागतं तिला आता. "तेव्हा न कळता म्हटलं, ते अल्लाह माफ करेल. आता कळून-सवरून तुमच्यासाठी म्हटलं, तर ते कोण माफ करेल?"

चष्मेवाला म्हणाला, "मग लोक तुम्हाला बोलावणार नाहीत."

"नका बोलावू," ती म्हणाली.

शेखनी मान खाली घातली, आणि मला त्यांचाही राग आला. खरं काय ते माहीत असलेला माणूस मान खाली घालतो, तेव्हा मला जास्त चीड येते. मावशी तर बाहेर येऊन हूयोवरच ओरडली, "दोन शब्दांसाठी मुलगा घालवलास!" हूयो म्हणाली, "मी नाही घालवला. तो दारात उभा राहून भाव करतोय."

आता तू सांग, काय भाव आहे.

सगल

मिनियापोलिस, १८ जानेवारी

गुलेद,

तुझं एका ओळीचं उत्तर मावशीकडून कळलं. "अट तीच आहे." बरं.

या महिन्यात आणखी दोघी गेल्या. दोन्ही वेळा सेंट क्लाउडची बाई आली. ती तरुण आहे, काम नीट करते म्हणे. हूयोनं खोदून खोदून विचारलं, कापूर शेवटच्या पाण्यात घातला का, वेण्या तीन घातल्या का. घातल्या म्हटल्यावर तिला बरं वाटलं. पिशवी तिनं खुंटीवरून काढून कपाटात ठेवली.

परवा जेवताना एकदम म्हणाली, "मला कोण धुणार?"

मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस.

"काहीतरी नाही. त्या बाईला यांनीच फोन करायचा. करतील? आणि केला तरी ती येईल? तिनंही व्हिडिओ पाहिला असेल. इस्पितळातल्या माणसांनी मला नळीनं धुतलेलं मला चालणार नाही." भाताचा घास तिनं केळ्याबरोबर खाल्ला, पाणी प्यायली. "तू शीक."

"मला नाही जमणार."

"गोऱ्या म्हाताऱ्यांना रोज धुतेस की पगारावर. आई जड झाली?"

माझं कामच ते. रोज कुणाची तरी पाठ, कुणाचे तरी पाय. त्यांची मुलं नाताळला फुलं घेऊन येतात आणि दारात उभी राहून घड्याळ बघतात. मी त्यांना नावं ठेवते. मग मला तू आठवतोस. तू तर फुलंही पाठवत नाहीस.

रविवारी मला सुट्टी होती. बाहेरच्या खोलीतला गालिचा आम्ही गुंडाळला, प्लास्टिक अंथरलं. हूयो त्यावर आडवी झाली. बेंबीपासून गुडघ्यापर्यंत चादर. मी बादली घेऊन बसले, आणि नुसतं पाणीच ढवळत राहिले.

"चल," ती म्हणाली. "मी थंड पडलेय. आधी काय?"

"बिस्मिल्ला."

"मग?"

"वजू. मग डोकं. मग उजवी बाजू."

"कोमट आहे का? मनगटावर बघ. मेलेल्यालाही चटका बसतो असं समजायचं. हळू. तू ताट धुतेस की काय?"

मी उजवा खांदा धुतला, काखेत हात घातला आणि ती खदाखदा हसायला लागली. पाणी सगळीकडे उडालं.

"हूयो, मेलेली बाई हसते का?"

"मी पहिल्यांदाच मरतेय. गुदगुल्या होतात."

मग आम्ही दोघी हसलो. खूप दिवसांनी. खालच्या घरवाल्यांनी छतावर काठी ठोकली. मग मी तिला कुशीवर वळवलं, जसं ती सांगत होती तसं, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, ओढायचं नाही, आपल्याकडे टेकवायचं. आणि मी तिची पाठ पाहिली. मी तिची मुलगी आहे, पण तिची उघडी पाठ मी कधी पाहिली नव्हती. तिथे काय आहे ते मी पाहिलं, आणि आता मला कळलं की ती मोगादिशूतल्या लढाईच्या वर्षाबद्दल कधी का बोलत नाही, आणि तुला कडेवर घेऊन ती सीमेपर्यंत कशी आली असेल. पण ते मी तुला लिहिणार नाही. धुणारीनं पाहिलेलं बोलायचं नसतं. मी आता धुणारी आहे. तुला बघायचं असेल तर तू ये आणि तिला विचार. दाखवायचं की नाही, ते ती ठरवेल.

तिन्ही वेळा धुतलं. शेवटच्या पाण्यात कापूर. केस पुसून तीन वेण्या घातल्या, मागे सोडल्या. केस किती पातळ झालेत, गुलेद. माझ्या करंगळीएवढी वेणी. तिनं मला सात चुका सांगितल्या, आणि म्हणाली, "पास. पण घाई करतेस."

मग मी तिच्यावर पांढरं कापड पसरलं, चेहरा सोडून. ती डोळे मिटून पडून राहिली. खोलीत कापराचा वास भरला होता. पुढचं काम माझं नाही, ते तुलाही माहीत आहे. नमाज मुलानं पढायची असते. खड्ड्यात उतरून तिला उजव्या कुशीवर मुलानं ठेवायचं असतं. कमिटीचा चष्मेवाला उतरेल? मुरायोचा नवरा?

मी विचारलं, "हूयो, खरी वेळ येईल तेव्हा गुलेदला कळवू का?"

मी कापडाची कड सारखी केली. मला वाटलं झोपली.

"मेलेल्या बाईला काय विचारतेस?" ती डोळे न उघडता म्हणाली. "ज्याला यायचंय त्याला विचार."

म्हणून विचारतेय.

सगल